जुन्या अंकांची किंमत आणि ह्यांचं नाक

आमचे हे जुने दिवाळी अंक घेतात आणि विकतात. अख्खी नोकरी सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून केली. निवृत्त झाल्यावर माणसं काशीला जातात, नाहीतर नातवंडांना शाळेत सोडतात. ह्यांनी येलहंक्यातल्या आमच्या घराची मागची खोली जुन्या मासिकांनी भरून टाकली. त्याला रद्दी म्हणायची सोय नाही. मी एकदा म्हटलं होतं, तर हे पुढे कितीतरी दिवस दर घासाला भाजीतल्या मिठाला नावं ठेवत बसले.

बेंगळुरात मराठी अंकांना कोण कुत्रं विचारतं, असं मलाही वाटायचं. पण विचारतात. कारखान्यांत, संशोधन संस्थांत आयुष्य घालवलेली आपली माणसं इथे पुष्कळ. त्यांनी हौसेनं अंक जपले आणि आता त्यांच्या मुलांना मराठी वाचता येत नाही. मग फोन येतो, काका, जुने अंक आहेत, बघायला याल का? आम्ही दोघं जातो. हे किंमत ठरवतात, मी फडक्यानं धूळ झटकते आणि घरातल्या बाईशी गप्पा मारते.

किंमत ठरवायची ह्यांची एक रीत आहे. आधी मुखपृष्ठ जागेवर आहे का ते बघायचं, मग पिनांना गंज किती, मग कुणी शब्दकोडं सोडवलंय का, व्यंगचित्राचं पान कापून घेतलंय का. आपल्या लोकांना बाइंडिंगची भारी हौस. बाइंडिंगवाला मुखपृष्ठं आणि जाहिराती काढून फेकतो, कडा कापून सरळ करतो, पाठीवर सोनेरी अक्षरं छापतो, आणि घरधनी ते ठोकळे अभिमानानं पुढे करतो. हे "वा, सुंदर" म्हणतात आणि किंमत अशी सांगतात की त्या माणसाचा चेहरा उतरतो. घेणाऱ्याला मुखपृष्ठ हवं असतं, जुन्या साबणाची जाहिरात हवी असते. तीच कचऱ्यात गेलेली असते.

सगळ्यात शेवटी नाक. अंक मधोमध उघडायचा आणि पानांच्या खाचेत नाक घालायचं. ओल डोळ्यांना दिसायच्या आधी नाकाला कळते, असं ह्यांचं म्हणणं. डांबरगोळ्यांचा वास फार आला तर त्याखाली कुबटपणा लपवलाय का, ते शोधायचे. हा अंक देवघराजवळ होता, हा स्वयंपाकघरातल्या फळीवर, असं सांगायचे आणि विकणारी बाई तोंडात बोट घालायची. मी वरवर नाक मुरडायचे, पण मनातून मलाही कौतुक होतं.

मग एका सकाळी स्टेशनकडच्या एका घरी गेलो होतो. अंकांचा गठ्ठा सोडला तशी मला खुर्चीत बसल्याबसल्या कुबट घाण आली. ह्यांनी अंक उघडला, नाक घातलं, डोळे मिटून लांब श्वास घेतला. "कोरडे आहेत. छान ठेवलेत," म्हणाले, आणि सगळा गठ्ठा चांगली किंमत देऊन उचलला. घरी येऊन मी तोंड सोडलं. "सर्दी झालीय," म्हणाले. सर्दीबिर्दी काही नव्हती. ह्यांना सर्दी होते तेव्हा अख्ख्या गल्लीला कळतं.

मी एवढी घाबरले, त्याला कारण होतं. सासूबाईंचं असंच सुरू झालं होतं. आधी वास गेला. आमटीत हिंगच नाही म्हणून माझ्यावर डाफरायच्या. मला वाटायचं, सासू आहे, डाफरणारच. मग माणसांची नावं जायला लागली, मग घराचा रस्ता, आणि शेवटी घरातलं कुणीच ओळखू येईना. त्यांचं सगळं आम्ही दोघांनी केलं. त्यामुळे वास जाण्याचा अर्थ काय असू शकतो, हे ह्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. आणि म्हणूनच दोघंही त्यावर बोलत नव्हतो.

मी कोरोनाला धरून बसले. कितीतरी जणांचा वास त्यात गेला तो परत आलाच नाही म्हणतात. देवा, तेवढंच असू दे, असं मी रोज दिवा लावताना म्हणायचे. कोरोना मागणारी मी एकटीच असेन. ह्यांना ओढून नाकाच्या डॉक्टरकडे नेलं. तो म्हणाला, नाक चांगलं आहे, वास जायला शंभर कारणं असतात, लगेच घाबरू नका, पण मेंदूच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. हे उठले ते थेट बाहेर ऑटोत जाऊन बसले.

"आईला दाखवलं होतं की," वाटेत म्हणाले. "काय उपयोग झाला?"

माझंही डोकं फिरलं. "आईचं करायला तुमच्याबरोबर मी होते. तुमचं करायला माझ्याबरोबर कोण आहे?"

ऑटोवाल्यानं आरशातून आमच्याकडे बघितलं. ह्यांनी त्याला "स्वल्प हळू, अण्णा" एवढंच सांगितलं.

घरी मी गॅसची बटणं पुन्हा पुन्हा बघायला लागले. एकदा दूध करपून सगळ्या घरात धूर झाला आणि हे शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत होते. तरी मला खात्री हवी होती. मी एक जुना अंक कॉफीच्या डब्यात घालून ठेवला. फिल्टर कॉफीची ताजी पूड, वास असा की डोकं भणभणावं. दुसऱ्या दिवशी तो अंक ह्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, शेजारणीनं दिलाय, बघा बरं. ह्यांनी वास घेतला. मग माझ्याकडे बघितलं. मी चेहरा कोरा ठेवला होता.

"बंद कपाटातला आहे," म्हणाले. "डांबरगोळ्या."

मी "सरी, ठीक आहे" म्हणून अंक उचलला आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. वास गेल्याचं दुःख होतंच. पण ते माझ्या चेहऱ्यावर काय शोधत होते, ते मला तेव्हा समजलं. इतके दिवस हे नाकाचं नाटक करत होते आणि उत्तर माझ्या तोंडावरून वाचत होते. लोक वेड पांघरून पेडगावला जातात, ह्यांनी शहाणपण पांघरलं होतं. त्यातही वेडी आशा अशी, की एवढी हुशारी सुचते म्हणजे डोकं शाबूत आहे.

मग मी चेहरा कोरा ठेवणं सोडलं. ओल असेल तर पदर नाकाला लावायचे, नसेल तर हात मांडीवर ठेवून बसायचे. आम्ही हे कधी ठरवलं नाही. हे वास घेत, माझ्याकडे बघत आणि किंमत सांगत. किमती पुन्हा बरोबर यायला लागल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी स्वतःला सांगत होते, पण डॉक्टरचा विषय काढला की हे खोलीतून उठून जात. आणि मला दिसत होतं. बोलता बोलता एखादा साधा शब्द हरवायचा आणि हे चिडून दुसरंच काही बोलायचे. सवयीचं वळण रिक्षावाल्याला सांगताना अडायचे. मी वाक्य पुरं करायचे.

त्यातच होसकोट्याहून फोन आला. बोलणाऱ्या बाई मूळच्या निपाणीकडच्या, यजमान होसकोट्याच्या कारखान्यात होते, नुकतेच वारले. ट्रंकभर अंक आहेत, अण्णांनी, म्हणजे ह्यांनी, येऊन बघावेत. मला जायचं नव्हतं. सकाळपासून ह्यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं, चष्मा घालून चष्मा शोधत होते. पण ट्रंक म्हटल्यावर ह्यांना कोण थांबवणार?

बाई दारातच उभ्या होत्या. "या की वो अण्णा, अक्का, बसा की. लई जुनं हाय बघा सगळं." ट्रंक भिंतीला लावलेली होती आणि त्या भिंतीचा रंग फुगून पोपडे सुटले होते. बाई कॉफी करायला आत गेल्या. मी ट्रंकेशेजारी जमिनीवर बसून एकेक अंक पुसत ह्यांच्या हातात देऊ लागले. हे रंगात आले. मुखपृष्ठं बघितली, पिनांवरून बोट फिरवलं, एका बंद पडलेल्या मासिकाचा पहिलाच अंक निघाला तेव्हा तो खिडकीकडे नेऊन उजेडात धरला. एकही पान कापलेलं नाही, शब्दकोडं कोरं. कितीतरी दिवसांनी मला जुने हे दिसत होते. माझा जीव जरा खाली पडला.

मग ह्यांनी तो अंक मधोमध उघडून नाकाला लावला. ओलीचा वास मला पहिल्यापासून येत होता. मी पदर नाकाला लावला. बाई कॉफी घेऊन दारात आल्या होत्या. ह्यांनी मान वर केली, माझा पदर बघितला, आणि अनोळखी घरात करतात तसं अदबीनं हसले.

"बाई, तुमच्या यजमानांनी अंक फार जपलेत हो," मला म्हणाले. "जरा ओल धरलीय. पण तुमची अपेक्षा किती आहे, ते सांगा."

दारातल्या बाई हसल्या. "अण्णा लई थट्टा करतात की वो."

थट्टा करताना हे आधी स्वतःच हसून घेतात. आता हसत नव्हते. मला लग्नापासून "अगं" शिवाय दुसरी हाक नाही, आणि हे माझ्याकडे बघत, गिऱ्हाइकाची वाट बघावी तसे शांतपणे थांबले होते. माझी पाचावर धारण बसली. परकं घर, दुःखात असलेली बाई, हातात कॉफीचा ट्रे. तिच्यासमोर ह्यांची शोभा होऊ द्यायची नाही, एवढंच मला सुचलं.

"हो," मी म्हणाले, "खूप जपलंय त्यांनी." आणि तोंडाला येईल तो आकडा सांगितला.

ह्यांनी अंक मिटला.

"जरा कमी करा, बाई," म्हणाले.