याकूब मिस्त्रीचे दोन भोंगे

खांडबाऱ्याहून आलेल्या पोस्टकार्डाचा कोपरा, मृत्यूच्या बातमीला फाडतात तसा, फाडलेला नव्हता. त्यामुळे चहाचा कप हातात धरून मी ते निवांत वाचायला घेतलं. लिहिणारा रूपजी नावाचा कोणी स्टेशनजवळचा चहावाला होता. याकूब मिस्त्री मंगळवारी वारले, दफन झालं, तुमचा पत्ता त्यांच्या मशीनच्या झाकणात आतून लिहिलेला सापडला म्हणून कळवतो... एवढाच मजकूर. तेरा वर्षांत आम्ही एकमेकांना एक ओळ लिहिली नव्हती, आणि माझा पत्ता त्याने झाकणात लिहून ठेवला होता. चहा तसाच निवला. या गोष्टीला आता महिना होऊन गेला.

याकूब शहाद्याचा. त्याचे वडील कंदील आणि स्टोव्ह दुरुस्त करायचे. हा त्यातून रेडिओकडे वळला. मी ब्राह्मणपुरीचा, मॅट्रिक झालेला, शेतीत मन नसलेला, घरची जुनी टपाची मोटार विनाकारण फिरवणारा. लोक मला उडाणटप्पू म्हणायचे ते काही खोटं नव्हतं. याकूबने सुरतेहून एकेक सुटा भाग आणून वर्षभर खपून एक मशीन जुळवलं. मोटारीच्या बॅटरीवर चालणारं, आत काचेचे व्हॉल्व्ह, मागे लोखंडी ट्रान्सफॉर्मर. मोटारीच्या टपावर दोन भोंगे बांधले आणि आमची जोडी तयार झाली. तंबूतला सिनेमा, कीर्तन, देवीच्या लशीची दवंडी, सभा, लग्नं... पन्नाशीच्या दशकात तापीकाठच्या गावांत आवाज हवा असला की आम्हाला बोलावणं यायचं. माईकवर बडबड माझी, बाकी सगळं त्याचं. तो बोलायचाच कमी.

त्याची एक रीत होती. गावात पोचलं की तो तारा जोडायचा आणि मी चालत चालत शिवारातल्या अगदी लांबच्या बांधावर जाऊन उभा राहायचो. मग तिथपर्यंत त्याचा आवाज यायचा, “हिराभाऊ, आइकू ई ऱ्हायनं का?” मी खांद्यावरचं उपरणं वर करून हलवायचं. ते दिसल्याशिवाय तो कार्यक्रम सुरू करत नसे. एकदा चेष्टा म्हणून मी उपरणं हलवलंच नाही, केळीच्या बागेत लपून बसलो. त्याने सात-आठ वेळा हाक मारली. अख्खं गाव हसायला लागलं. मग हाक बंद झाली आणि थोड्या वेळाने हा बाबा मशीन तसंच सोडून धापा टाकत बांधावर हजर! “साप चावना का काय, असं वाटनं माले,” म्हणाला. रागावला नाही. मलाच ओशाळल्यासारखं झालं.

मशीनच्या बाबतीत मात्र तो कडक. भोंगा जोडल्याशिवाय ते सुरू करायचं नाही. दर थोड्या वेळाने ट्रान्सफॉर्मरवर तळहात ठेवून वीस आकडे मोजायचे. तेवढा वेळ हात टेकवता आला नाही तर बंद. प्रत्येक भोंग्यावर सोळा ओहमचा आकडा असायचा. दोन भोंगे शेजारी शेजारी जोडले की मशीनला आठ दिसतात, चार जोडले की चारच. आकडा जितका कमी, तितकी मशीनवर ओढ जास्त, आणि आमचं मशीन आठाच्या खाली चालणारं नव्हतं. मला ते पटकन समजेना, तेव्हा तो आमच्याच मळ्यातली मोट दाखवून म्हणाला, “एक मोटवर चार पाट उघडशी, ते बैल मरी.”

हे मला समजलं होतं. समजलं नव्हतं असं आजही म्हणवत नाही, म्हणूनच पुढचं लिहायला हात जड होतो आहे.

माझी धाकटी बहीण कमळ हिचं लग्न आमच्या दारी होतं. वऱ्हाड लोणखेड्याचं. त्यांनी हौसेने आपले दोन भोंगे बरोबर आणले होते, आणि आमचे दोन पाहून नवरदेवाचे मामा सगळ्यांसमोर हसले. “बस, दोनच?” मला ते फार लागलं. मी याकूबला म्हटलं, चारही लाव. तो म्हणाला, “लावसू. पन माले अर्धा घंटा दे. सरळ जोडात ते मशीन जळी.” दोन-दोन भोंगे एकामागून एक जोडायचे, त्या दोन जोड्या मग शेजारी शेजारी, आणि मशीनकडची तार आठावरून सोळाच्या खुंटीवर न्यायची, असं त्याने हिशेब करून सांगितलंही. एवढं बोलून तो नमाजाची वेळ झाली म्हणून मागच्या विहिरीवर हातपाय धुवायला गेला. मंगलाष्टकं सुरू व्हायला आली होती. मामा पुन्हा मोटारीशी डोकावून, हसत मांडवात परत गेले. त्यांची पाठ वळताच, कोणी बघत नसताना, मी त्यांच्या दोन्ही भोंग्यांच्या तारा आमच्या तारांना पीळ देऊन सरळ जोडून टाकल्या.

आवाज घुमला. मामांनी मान डोलावली आणि मी छाती काढून उभा राहिलो. दुसरं मंगलाष्टक संपायच्या आत मोटारीतून जळक्या मेणाचा वास आला, मागून धूर, आणि चारही भोंगे एकदम गप्प झाले. अंतरपाटामागे कमळ दचकली. भर मंगलाष्टकात आवाज गेला, धूर निघाला... वऱ्हाडातल्या बायका अपशकुन, अपशकुन म्हणू लागल्या. कोणी केलं हे, म्हणून मामा ओरडले. याकूब विहिरीकडून धावत आला होता. त्याने मी पिळलेल्या तारा पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं, मग अंतरपाटाकडे.

“चूक मन्ही शे,” तो म्हणाला. “मी जोड्यात तारा.”

मी गप्प राहिलो. रात्री त्याला गाठलं तर एवढंच म्हणाला, “तुन्हं नाव निंघतं, ते बहीनले जलमभर सासरमा बोलतात. मन्हं काय, मी एकला मानूस.” लग्न पुढे सुरळीत पार पडलं. पण लग्नात मशीन जाळणारा मिस्त्री अशी त्याची ख्याती बाजाराच्या दिवशी गावोगाव पसरली. त्याला कोणी बोलावेना. वर्षभरात तो खांडबाऱ्याला निघून गेला. आधी मी बहिणीचं निमित्त सांगत राहिलो. ती संसारात रुळली तेव्हा निमित्तही उरलं नाही, नुसती लाज उरली. नंदुरबारहून गाडीत बसायचं, दोन-चार स्टेशनं, एवढंच तर अंतर होतं. तेवढं मला जमलं नाही.

कार्ड आल्यावर गेलो. रूपजीने कुलूप काढून खोली दाखवली. एक खाट, सुटे व्हॉल्व्ह ठेवलेले बिस्किटांचे डबे, फळीवर नव्याने जुळवलेलं मशीन आणि त्याला जोडलेले तेच आमचे दोन भोंगे. तो लोकांचे रेडिओ दुरुस्त करून पोट भरायचा. हे मशीन त्याने भाड्याने कधी दिलं नाही, असं रूपजी म्हणाला. मात्र संध्याकाळी एकदा तो ते सुरू करायचा, माईकमध्ये एकच वाक्य बोलायचा आणि दाराबाहेर रुळांपलीकडच्या शेतांकडे बघत थोडा वेळ उभा राहायचा.

“काय बोलायचा?” मी विचारलं. मी ते विचारायलाच नको होतं.

“हिराभाऊ, आइकू ई ऱ्हायनं का,” रूपजी म्हणाला. “आम्ही विचारायचो, मिस्त्री, हिराभाऊ कोण? तर म्हणायचे, तो तठे बांधवर उभा शे. आते हात वर करी.”

मी खाटेवर बसून राहिलो. ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवला, वीस मोजले. तो गारच होता.

घरी आल्यावर कमळला सगळं सांगितलं. ती बराच वेळ रडली, मग म्हणाली, “दादा, हे सगळ्यांले सांग.” म्हणून हे लिहिलं. आमच्या भागात वर्तमानपत्राचं हे पान वाचणाऱ्या सर्वांना सांगतो : त्या दिवशी तारा मी जोडल्या होत्या. याकूब मिस्त्रीच्या हातून मशीन कधीही जळलं नाही.

हल्ली संध्याकाळी मी लांबच्या बांधापर्यंत चालत जातो. तिथून गाव स्पष्ट दिसतं, आवाज मात्र कसलाच येत नाही. काल तिथे उभं राहून खांद्यावरचं उपरणं काढलं आणि हात दुखेपर्यंत वर धरून हलवत राहिलो.