गाळमामांची भाऊबीज

माती दिसली की आमचे मामा ती तोंडात घालत. आई ओरडायची, "अरे, सांगलीच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतोस ना? मग लहान पोरासारखी माती काय खातोस?" मामा शांतपणे चावत राहत. "करकरली की वाहत्या पाण्याची, विरघळली की तळ्याची," हे त्यांचं शास्त्र. आम्ही भाचरं त्यांना गाळमामा म्हणायचो आणि ते खुशाल ओ द्यायचे.

स्वातंत्र्याच्या जरा आधीची दिवाळी. औंधच्या बाजूला आमच्या रानात, घरामागेच, विहीर खोदणं चाललं होतं. मामा आले ते पिशवी ओट्यावर टाकून थेट विहिरीत उतरले. वर आले तेव्हा दातांना काळा गाळ होता आणि चेहरा उतरलेला.

"दाजी, इथे फार पूर्वी तळं होतं. काळा थर चांगल्या पावसाचा. लाल, खड्यांचा थर दुष्काळातला; उघड्या डोंगरावरून एकदम लोंढा यायचा. पण पूर्वेला तेच थर हातभर खाली आहेत, जाडही आहेत. तिकडची जमीन खचत होती. मधे पडलेली भेग अजून आहे. खोदणं थांबवा."

दुसऱ्या दिवशी त्याच भेगेतून पाणी पाझरलं. वडिलांनी नारळ फोडला. "पाणी लागलं, मास्तर! आन् तुमी म्हणताय थांबा?"

"त्या पाण्यानंच काळा गाळ साबणासारखा सुटेल आणि भिंत कोसळेल, दाजी."

ऐकतील तर ते वडील कसले! मग मामांनी भलतंच केलं. पाट घेऊन विहिरीच्या तळाशी, त्या भेगेखालीच जाऊन बसले. बायकोच्या भावाच्या डोक्याशी कुदळ कोण चालवणार? गडी काठावरून हसत, "पावणं, वर या की! आमी खोदायचं कुठं?" मामाही हसत, पण त्यांची नजर भिंतीवरून हलत नसे. मला तर खाली बघवायचंच नाही.

भाऊबीजेला आईनं काठावरून हाक मारली. "भाऊ, ये रे. ताट मांडलंय. ओवाळून घे, मग बस जाऊन."

बहिणीला नाही म्हणणं मामांना कधी जमलंच नाही. ते घरात आले. वडील तेवढ्याचीच वाट बघत होते. गड्यांच्या मनातही एव्हाना भीती शिरली होती. त्यांनी नकार दिला, तेव्हा वडील स्वतःच कुदळ घेऊन उतरले.

आईनं मामांना कुंकू लावलं, निरांजन उचललं आणि घरामागे धप्प असा मोठा आवाज झाला. मामा पाटावरून उठलेसुद्धा नाहीत. "खाली कोण आहे?" एवढंच त्यांनी विचारलं.

त्यानंतर आईनं कुणालाच ओवाळलं नाही. विधवेनं ओवाळायचं नसतं, म्हणायची. मामा तरी दर भाऊबीजेला येत, स्वतःच पाट मांडून तिच्यासमोर बसत. "तू हाक मारलीस म्हणून मी आहे गं, ताई."

"व्हय. आन् म्हणूनच ते न्हाईत," म्हणत आई आत निघून जायची. मामा कपाळ पुढे करून तसेच बसून राहत.