गोठ्यापर्यंत दिव्यांची माळ

बीटीच्या कपाशीला अळी लागत नाही, असंच आम्ही धरून चाललो होतो. त्या वर्षी मात्र बोंड फोडावं तर आत गुलाबी अळी. वेचणीच्या बायका येईनाशा झाल्या आणि नवऱ्याने उभी पऱ्हाटी उपटून बांधावर टाकली. रोहिणखेडच्या वाटेवर, वावरातच आमचं घर. नवरा दिवसदिवस बोलत नसे. संध्याकाळ धुक्यासारखी घरात शिरायची आणि तिथंच बसून राहायची.

सासूबाईंना सांजेला अंधुक दिसायचं. गोठ्यापर्यंत जायलाही त्या माझा खांदा धरत. एके दिवशी त्यांनीच सुचवलं की सोलरच्या दिव्यांची माळ आणू, लाइनचा काय भरवसा? आम्ही दोघी धामणगाव बढ्याला गेलो.

दुकानातल्या चाचांनी दोन माळा समोर ठेवल्या. मला रंगीत आवडली. तिची वायर दोऱ्यासारखी होती. सासूबाईंनी ती बोटांत चोळून बघितली आणि बाजूला सारली. दुसरी साधी, पिवळ्या उजेडाची. वायर जाड, दिव्यांच्या बुडाशी रबर, पॅनल उन्हाकडे वळवता येईल असं, बॅटरीही बदलता येणारी. चाचांनी ती पेटवून बादलीत सोडली. पाण्याखाली दिवे तसेच तेवत राहिले. सासूबाई वाकून कितीतरी वेळ बघत होत्या.

घरी नवरा म्हणाला, "वावरात काही राह्यलं नाही, आन् तुम्ही दिवे लावून राह्यल्या?"

"म्हून तं लावून राह्यलो," सासूबाई म्हणाल्या.

मग तो कुठूनशी शिडी घेऊन आला. पॅनल दक्षिणेकडे तिरपं बसवून त्यानंच माळ कडुलिंबावरून गोठ्यापर्यंत नेली.

दुसऱ्या दिवशी, दिवस बुडाला तशी माळ आपोआप उजळली. वाऱ्यानं दिवे हलले की खालची काळी माती हलल्यासारखी वाटे. बैल रवंथ थांबवून बघू लागले. सासूबाईंनी माझा खांदा सोडला आणि एकट्याच निघाल्या, सावकाश, स्वप्नात चालल्यासारख्या.

"माय, जपून," नवरा बाजेवरून म्हणाला. मग तो मला पऱ्हाटी उपटलेल्या तुकड्यात तूर कशी पेरायची ते सांगू लागला, आणि जेवण निवेपर्यंत सांगत राहिला.

पुढे गारपिटीत दोन दिवे फुटले, एकदा बॅटरी बदलावी लागली. सासूबाई मात्र रोज सांजेला गोठ्यात जात. कधी कधी तिथं काही काम नसायचं, तरी जायच्या.