दोन ठोक्यांच्या मधली जागा

लग्न होऊन पत्रेवाल्याच्या घरात आली तेव्हा टणकाकूला हे नाव नव्हतं. ते गल्लीनं नंतर दिलं. दुकान पुढे, घर मागे, मध्ये नुसता एक पडदा. ऐरणीवर दिवसभर बादल्या, डबे, पेट्या ठोकणं चाले, आणि नवऱ्याशी बोलायचं तर दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत. "पाणी" ठण्! "तापलंय" ठण्! "उठा!" मऊ, लांबलचक शब्द त्या आवाजात बुडून जात. ट, ठ, ड, क असले आपटत येणारेच तेवढे पलीकडे पोचत. हळूहळू तिची जीभच तशी वळली. दुकान बंद असलं तरी ती तोडून तोडूनच बोले. देवापुढचं स्तोत्रसुद्धा ऐरणीवरून उतरल्यासारखं निघे. "अगं, देवाला जरा दम तर खाऊ दे," नवरा म्हणायचा.

सून आली ती हळू बोलणाऱ्या घरातली. तिच्या आईनं एकदा काळजीनं विचारलं, "सासू फार रागावते का गं?"

"नाही गं. त्या नुसत्या बोलतात."

मग नातू झाला. पाळणा पडद्याजवळ ठेवायचा हट्ट टणकाकूचाच. कामात असलं तरी पोर डोळ्यांसमोर राहील, असं तिचं म्हणणं.

एका दुपारी दुकानातली डब्यांची अख्खी चळत कोसळली. शेजारचा शिंपी हातातली कात्री टाकून धावत आला. बाळ मात्र मूठ चोखत पडलेलं. पापणीसुद्धा हलली नाही. सून पांढरीफटक पडली.

"आई, याला ऐकू येत नाही."

टणकाकूनं पडद्यापलीकडच्या ऐरणीकडे पाहिलं. नवऱ्याचे कान याच ऐरणीनं खाल्ले होते. आणि पाळणा तिथं ठेवला कुणी? दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जायचं ठरलं. संध्याकाळी ती देवापुढे बसली, पण स्तोत्र काही आठवेना. "माझे कान घे, त्याचे ठेव," एवढंच म्हणाली आणि उठली.

सकाळी निघायला वेळ होता म्हणून आता दुकान सांभाळणाऱ्या तिच्या मुलानं एक बादली ठोकायला घेतली. टणकाकू पाळण्याशी बसली होती. त्या ठणठणाटात बाळ गाढ झोपलेलं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि हातोडी थांबली. बाळानं डोळे उघडले, ओठ काढला आणि भोकाड पसरलं. हातोडी सुरू झाली तसं गप्प.

टणकाकू ताडकन उठली. "थांब रे!"

ठोके थांबले. बाळ रडलं.

"ठोक!"

बाळ शांत.

"आई, काय चाललंय?" मुलगा बाहेरून ओरडला.

ती परत खाली बसली. पाळण्यावर वाकून म्हणाली, "टक् टका टक्, ढुम्!" बाळ बघायला लागलं. "टक् टका टक्, ढुम्!" बाळ हसलं. मग तिनं नुसतंच म्हटलं, "टक् टका टक्..." आणि तोंड मिटून घेतलं. बाळ तिच्या ओठांकडे टक लावून, हात वर धरून, राहिलेल्या ठोक्याची वाट बघत राहिलं.

मागून सून हळूच म्हणाली, "ढुम्."

बाळानं मान वळवली ती थेट आईकडे. सून हसता हसता रडायला लागली.

तरी डॉक्टरकडे गेलेच. तपासून ते म्हणाले, "कान उत्तम आहेत. सवय झालीय त्याला, म्हणून दचकत नाही. पण उत्तमच राहायला हवे असतील तर पाळणा तिथून हलवा."

"आजच!" टणकाकू इतकी जोरात म्हणाली, की डॉक्टरच दचकले.

घरी आल्या आल्या पाळणा मागच्या खोलीत गेला, खिडकीपाशी. टणकाकूचा नवरा दारातच वाट बघत उभा होता. "काय म्हणाले?"

"ऐ-क-तो! नीट ऐ-क-तो!"

"कोण, डॉक्टर?"

"तुमचा नातू हो!" टणकाकू हसत म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसत देवापुढे कालचं राहिलेलं स्तोत्र म्हणायला गेली. आत बाळ झोपायला तयार नव्हतं; पण तिचं खणखणीत स्तोत्र सुरू झालं आणि त्याचे डोळे जड व्हायला लागले.