रस्त्यातला दगड

भटूआप्पांच्या ट्रॅक्टरवर बसून मी शाळेत वेळेवर पोचलो, असं कधी झालंच नाही. आमच्याकडे उसाची ट्रॉली चढावर बंद पडली की ड्रायव्हर चाकाखाली भलामोठा दगड लावतात आणि गाडी सुरू झाली की दगड तिथेच टाकून पुढे जातात. असा दगड दिसला की आप्पा थांबलेच. इंजिन चालू ठेवून उतरायचे, दगड कडेला टाकायचे, पँटला हात पुसायचे. मी शेजारचा मास्तर, वर बसून घड्याळ बघत कुरकुरायचो. त्यांचं उत्तर ठरलेलं, "मांगून येनारा आपलाच शे रे मास्तर."

सगळा शहादा तालुका तुमचाच का, असं एकदा मी चिडवलं. आप्पा हसले नाहीत. "मंग कोना शे?" म्हणाले.

माणूस तसा हट्टी. जन्मभर कारखान्याला ऊस वाहिला, पण चहा बिनसाखरेचा. गेल्या वर्षी गळीत हंगाम संपला आणि हा गृहस्थ छत्तीसगडच्या जंगलात रस्त्याच्या कामावर पाण्याचा टँकर चालवायला निघाला. तिकडे रस्त्यात सुरुंग पुरतात, हे पेपरात वाचून मी त्यांच्याशी डोकेफोड केली. आप्पांच्या पत्नी, आमच्या वहिनी, दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. आप्पांचं एकच, त्या लोकांनाही रस्ता पाहिजे ना. दिवाळीला परत येतो, असा शब्द देऊन गेले.

तिथून फोन आला की तक्रार एकच असायची. "आठे गाडीवरून खाल उतरानं नही म्हनतस. दगड दिखना तरी गाडी बाजूतून काढानी. हात खाजस रे."

मी हसलो होतो. हसलो होतो हो!

दिवाळीच्या आधी त्यांच्याबरोबरच्या रोलरवाल्याचा फोन आला. रस्त्याच्या मधोमध दगड होता. मागून मजुरांची गाडी येत होती. सगळे ओरडत होते, तरी आप्पा उतरले. त्यांनी दगड उचलला आणि खालचा सुरुंग फुटला. मजूर सगळे वाचले. मला काही कळेचना. दगड बाजूला केला म्हणून माणूस मरतो? कुठल्या जगात?

हाती लागलं तेवढं घरी आलं. प्रकाशा गावी तापीत अस्थी सोडून आम्ही जीपने परतत होतो. शहाद्याच्या अलीकडे ड्रायव्हरने कचकन ब्रेक दाबला. पुढे रस्त्यात दगड होता, कुणा ट्रॉलीवाल्याने टाकलेला. जीपमध्ये कुणी हललं नाही.

मागचं दार उघडलं. वहिनी उतरून दगडाकडे निघाल्या.

"वहिनी, हात लावू नका!" मी ओरडलो.

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"हाऊ आपला रस्ता शे, भाऊ," त्या म्हणाल्या, आणि वाकून दोन्ही हातांनी दगड उचलला.