नारळ लपवणारी आक्काताई

...तर नारळ आक्काताईच्या पदराखाली, आणि आण्णा सरपंच मांडवभर तो हुडकतायत, इथवर काल आपण आलो होतो. पण तिनं तो लपवला का, हे सांगायचं राहिलंच की!

मुरगूडच्या पलीकडचं हे गाव. तिथल्या सरकारी दवाखान्यात बाँडचे, म्हणजे शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी सेवा करणारे डॉक्टर येतात आणि मुदत भरली की जातात. गाव मोठं दिलदार. जाणाऱ्याला फेटा, शाल नि नारळ! नारळ द्यायचा मान गावातल्या थोरल्या बाईचा, म्हणजे आक्काताईचा. देऊन देऊन बाईचा हात नारळाला विटला होता. "कामावरनं काढतानाबी माणसाला नारळच देत्यात," ती म्हणायची, "मग डाक्टर ऱ्हाईल कसा?"

नवा डॉक्टर आला की आपलं दुखणं तिनं पहिल्यापासून सांगायचं. तिचा नवरा ज्ञानू छातीतली कळ दाबत दवाखान्यात गेला, तेव्हा त्याचं दुखणं ओळखणारा डॉक्टर नुकताच नारळ घेऊन गेला होता आणि नवा यायचा होता. ज्ञानू गेला. तेव्हापासून एसटी थांबली की आक्काताई उंबऱ्यावर येऊन बघायची, उतरणाऱ्याच्या हातात बॅग कसली आहे.

मग गडहिंग्लजची दीप्ती डॉक्टर म्हणून आली. गोळ्या लिहायच्या आधी तिनं विचारलं, "आक्का, झोप लागत नाही ती कधीपासून?" आक्काताईनं सगळं सांगितलं. आणि दुसऱ्या खेपेला ते पोरीच्या ध्यानात होतं! बाई गावभर सांगत सुटली, "हिला परत सांगाय लागत न्हाय!"

आणि आज त्याच दीप्तीचा निरोप. फॅमिली डॉक्टरचं पुढचं शिक्षण घ्यायला ती कोल्हापूरला निघालेली. "शिकून हेच गाव मागून घेते," म्हणाली होती खरी. पण येतो म्हणून तर आधीचेही गेले होते.

"आवं आक्का, नारळ काय गिळलासा व्हय?" आण्णा कावले. मांडव खदखदून हसला. तिकडं एसटीनं हॉर्न दिला. दीप्तीनं आक्काताईचा हात हातात घेतला.

"आक्का, मला नारळ नाही?"

पदर घट्ट धरून आक्काताई म्हणाली, "न्हाय देत जा! ह्यो फळीवर ऱ्हाईल. वाळून खोबरं हुंदे त्याचं. तू शिकून आलीस की त्याच खोबऱ्याचा तांबडा रस्सा करीन. पर लई वाट बघाय लावू नगंस पोरी, खोबरंबी खवट हुतंय."