रहाटासारखं रीळ

आमच्या घरात मासेमारी हा धंदा कधीच नव्हता. आम्ही वसईजवळच्या नंदाखालचे वाडीवाले. केळी, माड आणि पानवेल यांच्यावर आमच्या पिढ्या पोसल्या. पण आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दर्याचं वेड होतं. वाडीचं शिंपणं आटोपलं की पायांना लागलेला चिखल तसाच घेऊन ते अर्नाळ्याला निघायचे. तिथे त्यांचा शाळेपासूनचा मित्र राहायचा. त्याची स्वतःची छोटी होडी होती. आम्ही त्याला काका म्हणायचो. होडी काकांची आणि केळ्यांचा घड आबांचा, असा त्या दोघांचा न बोलता ठरलेला करार होता. आई म्हणायची, "माझी सवत खारी आहे, तिच्याशी कोण भांडणार?"

आबांचा गळ अगदी साधा. लाकडी फळीवर गुंडाळलेली दोरी, टोकाला शिशाचं वजन आणि आकडा. काठी नाही, चाक नाही. दोरी हातातून सोडायची आणि हातानेच ओढायची. मोठा मासा लागला की दोरी तळवा कापत जाते, म्हणून आबा हाताला केळीचं वाळलेलं सोपट गुंडाळायचे, खोडावरची ती चिवट साल. काकांच्या कोळीवाड्यात कुणी असलं काही करत नसे. "आला वाडीवाला, हाताला केल बांधून आला," म्हणून सगळे हसायचे. आबाही हसायचे आणि सोपटाची आणखी एक पट्टी काढायचे. संध्याकाळी ते घरी आले की ती भिजून घट्ट बसलेली पट्टी सोडवायचं काम माझं. त्या हाताला खाऱ्या पाण्याचा आणि केळीचा मिळून एक वास यायचा. तो मी आजही ओळखेन.

मग आबांची बोटं आखडली. डॉक्टर संधिवात म्हणाले. बोटं अर्धी वाकली आणि तशीच राहिली. पुरती मिटायची नाहीत, पुरती उघडायचीही नाहीत. सदऱ्याचं बटण आई लावायची, चहाचा कप ते दोन तळव्यांत धरायचे. दोरी त्या बोटांत कुठली ठरायला! गळाची फळी पडवीतल्या खुंटीवर गेली आणि आबा गप्प झाले. जो माणूस तीन वाड्या पलीकडच्या गड्याला जागेवरून हाक मारायचा, तो आता मीठ हवं असलं तरी नुसता बोट दाखवायचा. मला त्यांचा रागच यायचा. आजारपण बोटांना होतं, जिभेला नव्हतं.

त्या वर्षी नारळी पौर्णिमा झाल्यावर काका घरी आले. पडवीत बसून म्हणाले, "दिवालीनंतर होडी इकतंय. पोरांना मोठी बोट पायजे, ही कोन चालवनार? तुला यायचं आसंल तर आता ये. मंग कोनासंगं जाशील?"

आबांनी आपले दोन्ही हात मांडीवर ठेवून पाहिले आणि म्हणाले, "माझं झालं आता."

काका उठून गेले. आबा बराच वेळ खुंटीवरच्या फळीकडे पाहत होते. त्यांचा तो चेहरा मला सहन झाला नाही. होडी जाण्याआधी आबांनी एक तरी मोठा मासा आपल्या हातांनी काढायचा, हे मी त्या दिवशी पक्कं केलं. हातांना दोरी धरवत नसेल तर काठीवरचं रीळ, म्हणजे दोरी गुंडाळायचं चाक, ती धरेल, असा माझा सरळ हिशेब होता.

मी तेव्हा गोखिवऱ्याला पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होते. तयार झालेला भाग तपासायचा, चांगला असेल तर पुढे आणि नसेल तर भंगारात, हे माझं काम. नवरा म्हणायचा, "हिच्यापुढे देव आला तरी आधी माप घेईल." रीळ निवडणं मला अवघड वाटलं नाही. फोनवर लोकांचे व्हिडिओ पाहिले, प्रश्न विचारले. खोल दर्यावर न्यायच्या रिळाचं अंग धातूचं हवं, दाबलं तर लवता कामा नये. आतल्या बेअरिंगपर्यंत खारं पाणी पोहोचायला नको. आणि सगळ्यात महत्त्वाचा तो ब्रेक, ज्याला ते लोक ड्रॅग म्हणतात. मासा जोरात पळाला की या ब्रेकने दोरी थोडी थोडी सोडायची, पण एकसारखी, हिसके न देता. आत एकावर एक चकत्या असतात, त्या एकमेकींना धरून ठेवतात. ब्रेक चांगला तर रीळ चांगलं, बाकीचा चकचकाट शोभेचा.

आबांना घेऊन मी मुंबईतल्या एका दुकानात गेले. "बघायला काय जातं," एवढ्यावर ते तयार झाले होते. येताना त्यांनी दुकानदारासाठी सुकेळी, आमच्याकडची वाळवलेली केळी, घेतली होती. कुणाकडेही रिकाम्या हाताने जायचं नाही ही त्यांची रीत, मग समोरचा विकायला बसलेला का असेना. विक्रेता तरुण आणि बोलका होता. सुकेळी पाहून तो दचकलाच. "अंकल, खायला मस्त आहे, पण बोटीवर केला मत ले जाना. अपशकुन असतो. मासाच लागत नाही, सगळ्या जगात मानतात."

आबांचा आवाज किती दिवसांनी सुटला! "अरे, आमचा संसार केलीवर झाला. पोरांची लग्नं केलीवर झाली. तुझ्या जगाला सांग, वसईला येऊन बघा म्हनावं!"

दुकानातले सगळे हसले. मला तर तिथेच पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं.

खरी जुंपली ती आम्हा दोघांतच. रिळं दोन जातींची होती. एक काठीच्या खाली लोंबणारं, दुसरं काठीच्या वर बसणारं, मधोमध उघडा ढोल असलेलं. माझा अभ्यास खालच्याच्या बाजूने होता, ते शिकायला सोपं. आबांनी त्याला हातही लावला नाही. त्यांनी वरचं उचललं, कानाशी धरलं, मूठ तळव्याने ढकलून फिरवली आणि त्यांचे डोळे लकाकले. "हा रहाट हाय आपला. मना हाच पायजे."

आमच्या विहिरीवरचा रहाट मी अगदी लहानपणी पाहिला आहे. मी रेड्याच्या मागे गोल गोल चालायचे आणि आबा खाली पाटावर पाणी वळवत असायचे. तिथून ओरडायचे, "तू हाक, पानी मी बघतो!" नंतर पंप आला आणि रहाट मोडीत गेला. आता तळहाताएवढ्या रिळात आबांना तो सापडला होता. मी माप, वजन, सोय यांच्यावर बराच वाद घातला. म्हणजे घालत होते, आबा ऐकत नव्हते.

"आता हा धरतो कसा ते बघू," म्हणत त्यांनी काठीवर रीळ चढवायला लावलं, दोरीचं टोक त्या विक्रेत्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, "तू मासा हो."

तो बिचारा हसत हसत गल्लीत पळाला. आबा दारात काठी बगलेत दाबून उभे. "जोरात पल! शिंगाला मासा हायेस का मऊ बोंबील?" हातगाडीवाले थांबून बघायला लागले. ब्रेकने दोरी अशी सोडली, की कुठे अडकणं नाही, झटका नाही. मी बोट लावून पाहिलं, मनातल्या मनात पास केलं आणि बाद करायला काही सापडलं नाही म्हणून जरा हिरमुसलेही. धापा टाकत परत आलेल्या माशाने एकच बजावून सांगितलं. दर्यावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, वरून तेल मात्र अजिबात घालू नका.

मूठ लहान होती, आबांच्या बोटांत राहिना. आमच्या कारखान्यातल्या लेथवाल्याने नायलॉनची पेरूएवढी गोल मूठ करून दिली. ती तळव्यानेही फिरायची. आबा पडवीत बसून दिवसभर रीळ फिरवत. दोरी सुटताना त्यातून कर्र आवाज येतो. मासा पळतोय हे कळावं म्हणून तो मुद्दाम ठेवलेला असतो. तेलाचं आणि आवाजाचं, दोन्ही मी आबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. आबांची मान हलली म्हणजे ऐकलं, एवढंच समजायचं. पटलं असं समजायचं नाही.

दिवाळीच्या आधी एका पहाटे आम्ही अर्नाळ्याहून निघालो. होडीत बाई नेत नाहीत म्हणून काका कुरकुरले. आबा म्हणाले, "ती बाई कुठं, ती रहाटाची हाकनारी." काका हसले आणि मला हात देऊन वर घेतलं. आबांच्या खिशात सोपट होतं. "आता हे कशाला?" मी विचारलं. "आसू दे," म्हणत त्यांनी ते तळव्याभोवती गुंडाळून माझ्याकडून बांधून घेतलं.

किनारा पुसट झाला. पाण्याखाली खडक होता तिथे काकांनी होडी उभी केली. ऊन चढेपर्यंत काही लागलं नाही. मग काठी एकदम कमानीसारखी वाकली आणि दोरी खाली पळाली.

"हेकरू!" काका ओरडले. "कपारीत शिरंल तो! धर त्याला!"

हेकरू एकदा खडकाच्या कपारीत शिरला की गेला, दोरी तुटते पण मासा निघत नाही. मी ब्रेक आवळला. दोरी पळतच राहिली. आणखी आवळला, तरी तेच. आवाजही येत नव्हता, रीळ गुपचूप दोरी सोडत होतं. तेवढ्यात मला वास आला. मी वाकून पाहिलं. रिळाच्या फटींतून तेल पाझरत होतं. खोबरेल.

"आबा! तेल घातलंत?"

"करकरत होता तो," आबा म्हणाले. "वाटीभर घातलं."

आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं. रहाटाचा कणा, बिजागरं, शिवणयंत्र, आमची डोकी, जे करकरेल त्याला घरच्या माडाचं खोबरेल. आता ब्रेकच्या चकत्या तेलात पोहत होत्या आणि हेकरू कपारीकडे निघाला होता. ढोलावरची दोरी भराभर कमी होत होती. मला रडू आलं, रागाचंच. इतका अभ्यास करून, इतकं पारखून आणलेलं रीळ नेमकं आज हात वर करून बसलं होतं.

आबांनी काठी बगलेत घट्ट दाबली आणि सोपट बांधलेला तळवा सरळ फिरत्या ढोलावर ठेवला. त्याला बोटं मिटावी लागत नव्हती. नुसता भार द्यायचा होता, आणि भार आबांकडे होता. सोपट चर्रकन वाजलं. दोरी मंदावली. आबांच्या मानेच्या शिरा वर आल्या. दोरी थांबली.

"तू फिरव," ते दातांवर दात धरून म्हणाले. "पानी मी बघतो."

मी पेरूएवढी मूठ धरली. आबा तळवा जरा हलका करायचे तेव्हा मी फिरवायची, मासा ओढायला लागला की ते दाबायचे आणि मी थांबायची. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. किती वेळ गेला कळलं नाही. शेवटी तपकिरी, ठिपक्यांचं मोठं धूड वर आलं आणि काकांनी ते आकडीने होडीत ओढलं. काका नाचले. आबा तिथेच बसले आणि हसता हसता रडले. मीही रडले, या वेळी राग नव्हता.

घरी आल्यावर मी सोपट सोडवायला बसले. ते जळून फाटलं होतं आणि खालचा तळवा लालभडक झाला होता. आईने तोंडभर बोलून घेतलं आणि खोबरेलाची तीच बाटली माझ्यापुढे आपटली. मी त्यांच्या हाताला तेल लावत होते. आबा म्हणाले, "आता बरोबर जागेवर लागलं."

मासा बघायला शेजारपाजार जमला. प्रत्येकाला आबा एकच सांगत होते, "हिनं काढला. मी आपला नुसता हात ठेवून बसलेलो." मी सांगायला जायची, की मासा रोखणारा जोर तुमचा होता, तर ते मला गप्प करायचे. आपल्या हातांनी एक मासा काढायची त्यांची शेवटची संधी होती, आणि तो मासा त्यांनी सगळ्यांदेखत मला देऊन टाकला.

होडी दिवाळीनंतर विकली गेली. आबा त्यानंतर दर्यावर गेले नाहीत, पण पुन्हा गप्पही झाले नाहीत. जाईपर्यंत मोठ्याने बोलत राहिले.

रीळ आता पडवीत, गळाच्या फळीशेजारी आहे. आमच्याकडे थंडीत पहाटे खोबरेल गोठतं, तसं रिळातलंही गोठतं आणि मूठ फिरत नाही. मी ते अंगणात उन्हात ठेवते. तेल विरघळलं की थोडं फिरवून पाहते. कारखान्यातला लेथवाला किती वेळा म्हणाला, "द्या इकडे, खोलून साफ करून देतो, चकत्या नवीन टाकू, ब्रेक पहिल्यासारखा धरेल."

मी देत नाही. आतलं तेल आबांनी घातलेलं आहे.